मुंगीचा खडा आणि शाल्मलीची मूठ

शनिवार. सकाळचे दहा वाजून सात मिनिटं.
आयर्लंड देश. कॉर्क शहर. दुसरा मजला. बैठकीची खोली.
खोलीत हिरवा गालिचा. गालिच्यावर बाळ. बाळाचं नाव शाल्मली.
आज शाल्मली एक वर्षाची झाली.
तिथेच, दिवसाढवळ्या, मुंगीचा खडा गेला.

खडा कसला? खडीसाखरेचा.
केवढा? मुगाएवढा.
कुणाचा? मुंगीचा. मुंगीचाच.

सांगलीच्या आजीने खडीसाखरेची डबी भरली. डबीत मुंगी बसली होती. आजीने तिला बघितलं. आजीने तिला हाकललं नाही.
आजी म्हणाली, "हा एक खडा तुझा. बाकीचे घरच्यांचे. जा, माझ्या नातीचा वाढदिवस बघून ये."
आजीचा गुडघा दुखतो. आजी आली नाही. आजोबा आले. आजोबांच्या बॅगेत डबी आली. डबीतून मुंगी आली. विमानाने आली. घूंऽऽऽ.
या देशात मुंगीचं दुसरं काही नव्हतं. एक खडा होता.

मुंगी खडा ढकलत निघाली.
तुरु तुरु, ढकल. तुरु तुरु, ढकल.
शाल्मलीने बघितलं. दोन बोटं खाली आली. चिमटीत खडा धरला. मूठ मिटली.
तोंडात नाही घातला. तोंडात दुसऱ्या हाताचा अंगठा होता.

मुंगी बाळाच्या गुडघ्यावर चढली.
"बाळ बाळ, मूठ उघड ना. आत माझा खडा आहे."
बाळ म्हणालं, "नाही उघडणार. आधी आई ओवाळेल. हातावर शिरा ठेवेल. मग उघडेन."
बाळाची मूठ होती ओली. ओल्या मुठीत साखर विरघळते. हे सगळ्यांना माहीत आहे. मुंगीला तर आहेच.

मुंगी रागावली. तुरु तुरु, तुरु तुरु, आईकडे गेली.
आईने नवी साडी नेसली होती. हातात ताट होतं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. मधे पितळेचं निरांजन.
"आई आई, ओवाळ ना."
"का गं मुंगीताई?"
"बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
आई म्हणाली, "नाही ओवाळणार. आधी निरांजन पेटेल, मग ओवाळीन. विझल्या दिव्याने कुणी ओवाळतं का?"
खडा आता तांदळाएवढा झाला.

मुंगी रागावली. तुरु तुरु, तुरु तुरु, ताटावर चढली.
"निरांजन निरांजन, पेट ना."
"का गं मुंगीताई?"
"आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
निरांजन म्हणालं, "नाही पेटणार. एका वर्षाची एक वात. ती तुपात भिजून बसली आहे. पण मी आजीच्या घरचं. आजोबांच्या मोज्यात घालून इतक्या लांब आणलंय मला. आधी फोनमध्ये आजी दिसेल, मग पेटेन."
खडा आता तिळाएवढा झाला.

मुंगी रागावली. तुरु तुरु, तुरु तुरु, टेबलावर गेली.
टेबलावर आईचा फोन. काळा काळा. गप्प गप्प.
"फोन फोन, आजी दाखव ना."
"का गं मुंगीताई?"
"निरांजन पेटेना,
आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
फोन म्हणाला, "नाही दाखवणार. माझं पोट रिकामं. आधी चार्जर चालेल, पोट भरेल, मग दाखवीन."
मुंगी म्हणाली, "बाबांचा फोन कुठे आहे?"
"बाबांच्या खिशात."
"बाबा कुठे आहेत?"
"केकच्या दुकानात."
"तुझा चार्जर कुठे आहे?"
"शाल्मलीने काल दुधात बुडवला. आजोबांचा आहे, तो बघ तिकडे. त्याला विचार."
खडा आता मोहरीएवढा झाला.

मुंगी रागावली. तुरु तुरु, तुरु तुरु, भिंतीपाशी गेली.
भिंतीपाशी चार्जर. वायरचं वेटोळं घालून बसलेला.
"चार्जर चार्जर, चाल ना."
"का गं मुंगीताई?"
"फोन आजी दाखवेना,
निरांजन पेटेना,
आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
चार्जर म्हणाला, "नाही चालणार. मी सांगलीचा. माझे पाय गोल. इथल्या भिंतीची भोकं चौकोनी. आधी अडॅप्टर येईल, मग चालेन."
"अडॅप्टर कोण?"
"पुढून चौकोनी पाय, मागून गोल भोकं. आमच्यातला मधला माणूस."
"तो कुठे राहतो?"
"कालपर्यंत टेबलावर राहत होता."
खडा आता नाचणीएवढा झाला.

मुंगीने शोधलं. टेबलावर नाही. टेबलाखाली नाही. आईच्या चपलेत नाही. शिऱ्याच्या कढईजवळ नाही. तिथे ती थोडी जास्त वेळ थांबली, पण अडॅप्टर नाही.
मग सोफ्यावर चढली. सोफ्यावर उशी. उशीखालून एक पांढरा कोपरा दिसत होता.
"अडॅप्टर अडॅप्टर, नीघ ना."
"का गं मुंगीताई?"
"चार्जर चालेना,
फोन आजी दाखवेना,
निरांजन पेटेना,
आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
अडॅप्टर म्हणाला, "नाही निघणार. माझ्यावर उशी. उशीवर आजोबांचं डोकं. आणि आजोबांचं डोकं जड. आधी आजोबा उठतील, मग निघेन."
खडा आता राजगिऱ्याएवढा झाला.

मुंगी रागावली. तुरु तुरु, तुरु तुरु, उशीवर गेली.
घुर्र फूस. घुर्र फूस. आजोबा झोपले होते.
"आजोबा आजोबा, उठा ना."
आजोबांनी एक डोळा उघडला. "का गं मुंगीताई?"
"अडॅप्टर निघेना,
चार्जर चालेना,
फोन आजी दाखवेना,
निरांजन पेटेना,
आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
मूठ आहे ओली,
खडा चालला विरघळून."
आजोबा म्हणाले, "नाही उठणार. मी काल आलो. माझी झोप अजून विमानातच आहे. आधी ती इथे पोचेल, मग उठेन."
"कधी पोचेल?"
"मंगळवारपर्यंत पोचेल."
आजोबांनी डोळा मिटला. घुर्र फूस.

खडा आता खसखशीएवढा झाला.
आज शनिवार. मंगळवारपर्यंत काय उरणार?
झोपेला जाऊन विचारावं, तर झोप विमानात. विमान आभाळात. मुंगीला पंख नव्हते.

मुंगी थांबली. पहिल्यांदाच थांबली.
मुंगी म्हणाली, "बाळ म्हणतं, आई. आई म्हणते, निरांजन. निरांजन म्हणतं, फोन. फोन म्हणतो, चार्जर. चार्जर म्हणतो, अडॅप्टर. अडॅप्टर म्हणतो, आजोबा. आजोबा म्हणतात, मंगळवार. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो. आता विचारणं बंद."

मुंगी निघाली. तुरु तुरु, पोटावरून. तुरु तुरु, गुडघ्यावरून. तुरु तुरु, पायापर्यंत.
पायात मोजा होता. मोज्याला भोक होतं. भोकातून अंगठा बाहेर आला होता.
गोल. गुलाबी. गाफील.

चटक.

"आई गं," म्हणत आजोबा उठले.
आजोबा उठले, उशी सरकली.
उशी सरकली, अडॅप्टर निघाला. टण्.
अडॅप्टर निघाला, भिंतीत बसला. खट्.
अडॅप्टर बसला, चार्जर चालला.
चार्जर चालला, फोनचं पोट भरायला लागलं. टिंग.
फोन जागा झाला. टुरुंग टुरुंग, टुरुंग टुरुंग.
आणि फोनमध्ये आजी दिसली. अर्धीच दिसली.

"अगं केतकी, मला नुसतं छत दिसतंय," आजी आईला म्हणाली. "फोन खाली धर. अजून खाली. हां. आता माझी सोनी दिसली. कधीपासून फोन लावतेय मी. आणि तुमचे केस असे का उभे? झोपलात की काय, अहो?"
"छे," आजोबा म्हणाले. "जरा टेकलो होतो."
"आजोबांचं घोरणं खालच्या मजल्यावर ऐकू जात होतं, आई," आई म्हणाली.
"मला कुणीतरी चावलं," आजोबा म्हणाले.
"बरं केलं," आजी म्हणाली. "आता दिवा लावा."

आजी दिसली, निरांजन पेटलं. एक वर्ष, एक वात, एक ज्योत.
निरांजन पेटलं, आई ओवाळायला आली.
आधी कुंकू लावलं. मग अक्षता टाकल्या. मग सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग ताट फिरलं, गोल गोल गोल.
"केतके, उजवीकडून," फोनमधून आजी म्हणाली.
"उजवीकडूनच चाललंय, आई. तुला फोनमध्ये उलटं दिसतंय."
"मग असू दे."
शाल्मली ज्योतीकडे बघत राहिली. अंगठा तोंडातून बाहेर आला.

आईने ओवाळलं, बशीतला शिरा पुढे केला. गरम नाही, गार नाही, कोमट कोमट.
"शाल्मले, हात पुढे कर."
एक हात पुढे आला. त्या हाताला अंगठ्याची लाळ. आई म्हणाली, "हा नको, दुसरा."
दुसरा हात पुढे आला.
बाळाने मूठ उघडली.

एक बोट. दोन बोटं. तीन बोटं. चार बोटं. पाच.
तळहातावर मधोमध खडा होता.
खसखशीएवढा. पण होता.

मुंगी धावली. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु. मनगटावर चढली. तळहातावर गेली. खडा उचलला.
"आई आई, बाळाच्या हातावर मुंगी," आजोबा ओरडले. ते स्वतःच्या मुलीला कधीकधी आई म्हणतात.
आईने फुंकर मारायला गाल फुगवले.
"थांब," फोनमधून आजी म्हणाली. "फुंकर मारू नकोस. फोन जवळ ने. अजून जवळ. हीच ती. माझ्या डबीतली मुंगी आहे ही."
"सांगलीची?" आजोबांनी अंगठा चोळला. "तरीच. चावा ओळखीचा वाटला."
"मुंगीताई," आजी म्हणाली, "मी तुला मुगाएवढा खडा दिला होता. हा एवढासा कसा?"
मुंगीने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं.
"बाळाची मूठ होती ओली,
आजोबा उठेनात,
अडॅप्टर निघेना,
चार्जर चालेना,
फोन आजी दाखवेना,
निरांजन पेटेना,
आई ओवाळेना,
बाळ मूठ उघडेना,
खडा गेला विरघळून."

आईने ताटाकडे बघितलं. आजोबांनी मोज्याच्या भोकाकडे बघितलं.
आजी म्हणाली, "केतकी, डबी उघड. तिला नवा खडा दे. मुगाएवढा नको. हरभऱ्याएवढा दे. आणि तिच्या जागेवर नेऊन ठेव. तिचं आज पुष्कळ चालून झालंय."

आईने डबी उघडली. सगळ्यात मोठा खडा निवडला. खिडकीत ऊन आलं होतं. उन्हात खडा ठेवला. वर कुणी हात नेणार नाही, इतक्या उंच.
मुंगी खिडकीत बसली. तिच्यापाशी दोन खडे. एक खसखशीएवढा, एक हरभऱ्याएवढा.
तिने आधी खसखशीएवढा खाल्ला. तो तिचा पहिला होता.
कुटुक.
मग दुसरा खायला घेतला.
कुटुक कुटुक, कुटुक कुटुक.

टिंगटाँग. दार वाजलं. बाबा आले. हातात केकचा खोका.
"सुरू केलंत माझ्याशिवाय?" बाबा म्हणाले.
"जावईबापू, तुम्हाला तासभर लागला," आजोबा म्हणाले.
"तुम्ही जागे कसे, हे आधी सांगा," बाबा म्हणाले.
मग सगळ्यांनी शिरा खाल्ला. केक खाल्ला. शाल्मलीने केकमध्ये कोपरापर्यंत हात घातला. आजी फोनमधून हसली. सांगलीत दुपार होती. तिनेही वाटीभर शिरा केला होता. तिने तो तिथे खाल्ला.

सगळं झालं. एक गोष्ट राहिली.
अडॅप्टर कालपर्यंत टेबलावर होता. आज आजोबांच्या उशीखाली सापडला.
तिथे तो कुणी ठेवला?
मुंगीने सगळ्यांना विचारलं.
आजोबा म्हणाले, "मी नाही. मी झोपलो होतो."
बाबा म्हणाले, "मी नाही. मी आत्ता आलो."
आई म्हणाली, "मी नाही. मी शिरा ढवळत होते."
आजी म्हणाली, "मी सांगलीत आहे."
मुंगीने शाल्मलीला विचारलं.
शाल्मली हात चाटत होती.
उत्तर अजून आलेलं नाही.