उंबरमाळची टोपली

लढाई आपण जिंकली, मग दसऱ्याची पहिली टोपली त्यांच्या दारात का जाते?

हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत आलो. उत्तर कुणी दिलं नाही. आईने दिलं नाही, शाहिराने दिलं नाही, दादानेही दिलं नाही.

एका डोंगरावर एक लहानसा गड होता. त्याचं नाव करवंदगड. त्या गडावर दोन भाऊ पहाऱ्याला होते. थोरला सुभाना, तो माझा दादा. धाकटा लुमा, तो मी. दादा शांत, मी तापट. दादा म्हणायचा, "लुम्याला रागवायला कारण लागत नाही, सवड लागते."

गडाच्या नावावर एक मोठी लढाई होती. आमच्या आज्याच्या काळात शत्रू घाटाने चढून आला होता. आमच्या माणसांनी कड्यावरून धोंडे लोटले आणि त्याला आल्या वाटेने परत पाठवलं. दर दसऱ्याला शाहीर त्या लढाईचा पोवाडा म्हणायचा. पोवाड्यात धोंडे होते, तलवारी होत्या, रक्ताने लाल झालेला घाट होता. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा.

दसऱ्याच्याच सकाळी गडावरून एक टोपली निघायची. तिच्यात नव्या भाताचे पोहे, गुळाची ढेप, एक नारळ आणि वर आपट्याची पानं. ही टोपली दरीपलीकडे उंबरमाळावर जायची. उंबरमाळ ही गवळ्यांची वाडी. ती आमच्या राज्यात नव्हती आणि शत्रूच्याही राज्यात नव्हती. ती आपली गुरांच्या राज्यात होती.

टोपली नेण्याचं काम दादाकडे होतं. तिकडे ठकूआजी नावाची म्हातारी होती. ती टोपली कधी रिकामी परत पाठवायची नाही. पानात बांधून लोण्याचा एक गोळा ठेवायची. दादा तो तसाच गडावर आणायचा, दोन वाटे करायचा आणि मोठा वाटा माझ्यापुढे सरकवायचा. मलाही ने, म्हणून मी दर वर्षी मागे लागायचो. तू त्यांच्या कुत्र्यांशी भांडशील, असं म्हणून तो मला टाळायचा. मग हळूच म्हणायचा, "एकदा नेईन. तिथं उभा राहिलास की विचारायचा थांबशील."

पुढे गडावर नवे किल्लेदार आले. व्यंकटराव त्यांचं नाव. माणूस शूर होता, हाताचा स्वच्छ होता, शिपायांच्या पंगतीला बसून जेवायचा. जुन्या लढायांचा त्यांना मोठा नाद. करवंदगडाची लढाई तर त्यांना शाहिरापेक्षा चांगली पाठ होती. आल्याबरोबर त्यांनी कड्यावर धोंडे वाढवायला लावले. आज्याच्या वेळी होते त्याच्या दुप्पट धोंडे रचले. ते बघून आम्हा सगळ्यांची छाती फुगली.

दसरा आला. दादा टोपली भरून दरवाजाशी आला. किल्लेदारांनी त्याला थांबवलं. ही कसली टोपली, कुणाला, कशासाठी, असं सगळं विचारलं. दादाने चाल आहे एवढंच सांगितलं. जे तिथं उभं राहून कळायचं ते त्याला शब्दांत मांडता येत नव्हतं. जी चाल पोवाड्यात नाही ती किल्लेदारांना ठाऊक नव्हती.

"सुभाना," ते म्हणाले, "दरसाल न चुकता माल पोचवतात त्याला खंडणी म्हणतात. जिंकलेला खंडणी देत नाही. शेजाऱ्यांत काय शोभा राहील आपली?"

दादाने टोपली खाली ठेवली. मला फार आनंद झाला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, हेच मी इतकी वर्षं विचारत होतो. त्या वर्षीचे पोहे आम्हीच खाल्ले. दादा जेवायला बसला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

नंतर थंडीच्या दिवसांत एकदा उंबरमाळावर सकाळीच धुराचा मोठा लोट उठला. गडावर धावपळ झाली. पाहतो तर घाटाने मिठाचे बैल चढत होते. मागे हत्यारबंद राखणदार होते, एवढंच. किल्लेदार संतापले. असल्या धुराने परक्याला गडाचा माग लागतो, पुन्हा धूर कराल तर खपवून घेणार नाही, असा निरोप त्यांनी एका शिपायाबरोबर पाठवला. गवळ्यांनी मान डोलावली म्हणे. पुन्हा कधी धूर झाला नाही.

आता गडाची एक अडचण सांगतो. गडावरून घाटाचं तोंड दिसत नाही. मध्ये डोंगराचं पोट आडवं येतं. चढणारा माणूस वरच्या वळणावर आला की मगच दिसतो. म्हणून किल्लेदारांनी त्या वळणावर एक पहारा बसवला. हातात भाला, गळ्यात शिंग. तिथे शांत डोक्याचा माणूस हवा होता. त्यांनी दादाला निवडलं.

मी दादाला म्हटलं, माझी पाळी मागून घेतो, तू वर राहा. तो हसला. म्हणाला, "तू पाखरू उडालं तरी शिंग फुंकशील. गड झोपायचा कधी?" मग जाताना थांबला आणि म्हणाला, यंदा टोपलीचं किल्लेदारांना पुन्हा एकदा विचारतो, नाही म्हणाले तर माझ्या वाट्याचे पोहे घेऊन मी एकटाच जाईन, रिकाम्या हाताने म्हातारीच्या दारात उभं राहवत नाही.

दसऱ्याला अजून बरेच महिने होते.

पावसाळा तोंडावर असताना शत्रू आला. पाऊस लागायच्या आत गड घ्यायचा त्याचा बेत होता. पहाटेच्या उजेडात तो घाट चढला. दादाला दिसला तेव्हा तो हाकेच्या अंतरावर होता. दादाने शिंग फुंकलं. आम्ही उठून कड्याकडे धावलो. पण धोंडा म्हणजे चेंडू नव्हे. त्याच्याखाली पहार घालावी लागते, चार जणांनी अंग टाकावं लागतं, मग तो हलतो. आमच्याकडे दुप्पट धोंडे होते आणि ते हलवायला वेळ नव्हता.

तो वेळ दादाने दिला. ती वाट अरुंद होती आणि तो तिच्यात उभा राहिला. शिंग थांबलं ते मी ऐकलं. नंतर पहिला धोंडा सुटला, दुसरा सुटला, आणि शत्रू मागे फिरला.

गड वाचला. दादा गेला.

त्याला वर आणलं तेव्हा किल्लेदारांनी स्वतः खांदा दिला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला रडू आलं नाही. मला एकच दिसत होतं, दरीपलीकडचा उंबरमाळ. तिथून एवढी फौज जाताना कुणालाच दिसली नाही? चिता विझायच्या आत मी कोयता उचलला आणि दरीत उतरलो. कुणाला विचारलं नाही.

उंबरमाळावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कुत्री धावून आली. एक म्हातारी झोपडीबाहेर आली आणि तिने कुत्र्यांना दटावलं. माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"सुभानाचा भाऊ ना रं तू? लुमा. तसाच चालतोस."

मी ओरडलो, "धूर का नाही केला?"

ती दचकली नाही. म्हणाली, त्या पहाटे तिच्या नातवाने फौज पाहिली होती. तो चुलीतला निखारा घेऊन धावलाही होता. तिनेच त्याचा हात धरला. गडाचा निरोप होता, धूर करू नका. उगाच का त्यांचा राग ओढवून घ्या, असं तिला वाटलं. गडावर एवढे धोंडे रचलेत, त्यांना आता आपली गरज ती काय.

हे तिने सरळ सांगितलं. मग पदराने हात पुसत माझ्या मागे वाटेकडे पाहिलं.

"टोपली बंद झाली ते कळलं, बाबा. त्याचं काही नाही. पण त्यानं तरी यायचं होतं. तो का नाही आला?"

आजवर प्रश्न विचारणारा मी होतो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कोयत्याकडे पाहिलं, माझ्या केस काढलेल्या डोक्याकडे पाहिलं. सुभाना गेला हे तिला कळलं. तिने हात पुढे केला आणि माझ्या मुठीतून कोयता काढून घेतला.

"हा दारात राहू दे," ती म्हणाली. "आत गुरं बुजतात."

तिने मला उंबऱ्यावर बसवलं. दादा तिथेच बसायचा म्हणे. मी मान वर केली आणि समोर घाट दिसला. घाटाचं तोंड, खालचा ओढा, ओढ्यावरची वाट, सगळं तळहातावर ठेवल्यासारखं. अंगणाच्या कडेला काळ्या पडलेल्या दगडांचं एक जुनं आगटं होतं. त्याच्याशेजारी वाळलेली लाकडं रचून ठेवलेली होती, वर ओला पाला, पाल्यावर पळसाच्या पानांचं छप्पर. पाला त्याच दिवशी तोडलेला होता. मना केल्यावरही कुणीतरी तो रोज बदलत होतं.

कुणी मला काही समजावून सांगितलं नाही. दादा म्हणाला होता तसंच झालं. तिथे उभा राहिलो आणि विचारायचा थांबलो.

पावसाळा सरल्यावर राजाचा कारभारी गडावर आला. एवढे धोंडे असून माणूस का गेला, याचा विचार करायला सगळे सदरेवर बसले. एकाने सांगितलं, धोंडे आणखी मोठे हवेत. दुसऱ्याने सांगितलं, वळणावर एकाऐवजी पाच माणसं ठेवा. तिसऱ्याला तिथे भिंत हवी होती. मला बोलायचा अधिकार नव्हता. मी बोललो.

"धोंडे होते, वेळ नव्हता. आपला वेळ पलीकडं राहतो, ठकूआजीच्या अंगणात. आज्यांना ते ठाऊक होतं, म्हणून टोपली जायची. पोवाड्यात ते राहून गेलं."

कारभाऱ्याने भुवया उंचावल्या. कुणीतरी मला बाहेर काढायला उठलं. व्यंकटरावांनी त्याला हाताने बसवलं. ते मला म्हणाले, "लढाई मला पाठ होती, लुमा. टोपली कुठं जाते ते मी विचारलं, आणि उत्तराला थांबलो नाही."

दसरा आला. सकाळी मी टोपली भरली. नव्या भाताचे पोहे, गूळ, नारळ. आईने पोहे दोनदा पाखडले, दादासाठी पाखडायची तसे. मी दरवाजाशी पोचलो तर किल्लेदार तिथे उभे. मी मनात भांडायची तयारी केली. त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, आपल्या पागोट्यातलं आपट्याचं पान काढलं आणि सगळ्यांत वर ठेवलं.

"म्हातारीला सांग, दिवसा धूर करा, रात्री जाळ करा. आणि मिठाचे बैल आले तरी करा. आम्ही उठू."

मी दरी उतरलो, दरी चढलो. कुत्र्यांशी भांडलो नाही. टोपली उंबऱ्यावर ठेवली. ठकूआजीने ती आत नेली, रिकामी केली, पोहे वाडीभर वाटले. परत देताना तिच्यात पानात बांधलेला लोण्याचा गोळा होता.

गडावर येईपर्यंत ऊन उतरलं होतं. मी घरी गेलो नाही. वळणावर गेलो. तिथे दादाच्या नावाचा एक साधा दगड उभा केला आहे. मी पान सोडलं, लोण्याचे दोन वाटे केले. लहान वाटा मी खाल्ला. मोठा दादापुढे सरकवला.

तात्पर्य: जिंकलेल्या लढाईतून नुसतं हत्यार उचलू नये, त्या दिवशी आपल्यासाठी कोण जागं होतं तेही ध्यानात ठेवावं, आणि शेजाऱ्याची टोपली शांततेच्या काळातच पोचवावी, कारण लढाईच्या पहाटे ती पोचवायला वेळ नसतो.