पाराखालची मुळी

त्या खोऱ्यात ढास शिरली होती. आधी नुसता कोरडा खोकला यायचा, मग ताप चढायचा, आणि आठवड्याच्या आत जनावर कुशीवर पडायचे ते पुन्हा उठायचे नाही. हरणे गेली, ससे गेले, झाडावरची वानरेही पिकल्या फळांसारखी खाली पडू लागली.

तरी खोरे अगदीच वाऱ्यावर सोडलेले नव्हते. तिथे रोगसंशोधन मंडळ होते. वडाच्या पारावर रोज सकाळी त्याची सभा भरे आणि पाराच्या मधोमध, एका बसकट दगडावर, अध्यक्ष करकोचा एका पायावर उभा राही. मंडळाने तीन उपसमित्या नेमल्या होत्या. त्यातली एक रोगाला शास्त्रशुद्ध नाव ठरवण्यासाठी होती. मंडळाचा एक रिवाज फार जुना होता. सभासद वारला की आधी शोकप्रस्ताव, मग डोळे मिटून दोन मिनिटे मौन, आणि त्या दिवसाचे बाकी कामकाज तहकूब.

सायाळ या मंडळाची सभासद होती. तिचा नवराही सभासद होता; तो गेला तेव्हा मंडळ असेच उभे राहिले होते. एवढ्या मोठमोठ्या जनावरांनी आपल्या घरधन्यासाठी डोळे मिटलेले पाहून ती ढसाढसा रडली होती. त्या रिवाजाला कुणी नावे ठेवली तर ती त्याच्याशी भांडत असे.

औषध तिलाच सापडले, तेही अवचित. अध्यक्षांचे भाषण नेहमीप्रमाणे लांबले होते, तिला स्वतःला ढास लागली होती, आणि उबळ दाबायला तिने पाराच्या कडेतून डोकावणारे एका तांबड्या मुळीचे टोक चघळले. दुपारपर्यंत खोकला थांबला. उरलेला तुकडा तिने मरणाला टेकलेल्या एका सशाला चारला. तिसऱ्या दिवशी तो गवतात उड्या मारत होता.

सारे खोरे पालथे घालूनही तशी मुळी दुसरीकडे मिळाली नाही. ती पाराखाली, थेट अध्यक्षांच्या दगडाखाली गेली होती. पार खणायचा तर मंडळाचा ठराव हवा. सायाळीने रीतसर अर्ज दिला आणि तो विषय क्रमांक सात म्हणून नोंदला गेला. पण रोज कुणी ना कुणी सभासद दगावत होता. रोज शोकप्रस्ताव, रोज मौन, रोज तहकुबी.

अशातच तिच्या एकुलत्या एका पिल्लाला ढास लागली.

"चिटणीस, आज शोकप्रस्तावाच्या आधी माझा विषय घ्या हो," तिने रानबोक्याचे पाय धरले. "दगड नुसता हातभर सरकवायचाय. लेकरू तापानं फणफणलंय माझं."

रानबोका मनाने वाईट नव्हता. त्याचेही डोळे भरून आले. "सायाळबाई, रानडुक्करदादांना जाऊन अजून दिवस नाही उलटला, आणि आम्ही पार उकरत बसायचं? लोक काय म्हणतील? उद्या घेऊ. उद्या नक्की."

बिळात पिल्लू वाट बघत असे. "आई, आज निघाला का गं आपला विषय?"

"उद्या निघणार आहे, राजा."

चौथ्या दिवशी त्याने विचारलेच नाही. सभा मध्येच सोडून ती आत आली तेव्हा त्याने डोळेही फिरवले नाहीत. सायाळ तशीच माघारी पाराकडे धावली.

त्या दिवशी कासवाचा शोकप्रस्ताव होता. सगळ्यांनी डोळे मिटले. सायाळीने मिटले नाहीत. ती सरळ अध्यक्षांच्या दगडापाशी गेली आणि खणू लागली. तिचे काटे खुळखुळत होते, माती उडून सभासदांच्या तोंडावर येत होती. सर्वांना ऐकू येत होते. पण मौन चालू असताना डोळे उघडायचे नसतात, आणि तोंड तर नाहीच नाही. तिची नखे रक्ताळली. दगड कलला. करकोच्याने दुसरा पाय टेकून तोल सावरला, डोळे मात्र मिटलेलेच ठेवले. हातभर मुळी तुटून आली आणि ती घेऊन सायाळ पळत सुटली.

पिल्लू अजून ऊबदार होते. तिने मुळी चावून मऊ केली आणि त्याच्या तोंडात घातली. रस ओठांच्या कडेने ओघळला. तिने पुन्हा घातली. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत ती तेच करत होती.

दुसऱ्या दिवशी ती पारावर आली. रडून तिचा आवाज बसला होता; पण मुळी उरली होती, आणि पारावर निम्मे सभासद खोकत होते. कासवानंतर एकही सभासद वारला नव्हता. पिल्लू काही सभासद नव्हते. त्यामुळे कितीतरी दिवसांनी कामकाजाला सुरुवात झाली.

सायाळीने मुळी अध्यक्षांपुढे ठेवली. "ही चावा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आत्ता चावा. खाली अजून पुष्कळ आहे, सगळ्यांना पुरेल."

"क्रमांक सात आला की बोला, बाई," करकोचा खोकत म्हणाला.

आयत्या वेळचा विषय म्हणून पाराला पडलेला खड्डा आधी घेण्यात आला. तो बुजवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. रानबोक्याने मुळी नुकसानीचा पुरावा म्हणून नोंदवली आणि पाराची वस्तू पारातच राहावी म्हणून अलगद खड्ड्यात ठेवली. प्रत्येक सभासदाने ओंजळभर माती आणून टाकली. मग सगळे ओळीने ती तुडवू लागले. लांडग्याला मध्येच उबळ आली. तो गुडघ्यांवर बसला, तोंडाचे रक्त पुसून उठला, आणि जमीन घट्ट व्हावी म्हणून आणखी जोराने पाय आपटू लागला.