दीड बारची गाडी

“अजून थोडा चढवू का, मिस्त्री?”

इंद्रजित दारातनंच बोलला. चपला काढायची बी सवड न्हवती.

मिस्त्री म्हणजे आमचे मालक, माझ्या कुंकवाचे धनी. शिरोलीच्या रस्त्याला चाळीस वर्षं गॅरेज. इंद्रजित त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकला, मग कॉम्प्युटरवर गाड्यांचा जोर वाढवून द्यायचं स्वतःचं दुकान थाटलं. त्यानंतर कधी काय विचारायला आला न्हाई. आज आला म्हणजे एक तर अडलं असंल, न्हाईतर मिरवायचं असंल.

मिरवायचंच हुतं.

गाडी त्याच्या बहिणीची. लहानशीच, पेट्रोलवरची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे भाताच की. इंजिनच्याच धुरावर फिरतो आन् इंजिनातच जादा हवा कोंबतो. हवा जादा, तर जोर जादा. त्या हवेचा दाब बारमधी मोजत्यात. कंपनीनं तो एक बारच्या आत ठेवलेला, यानं दीडवर नेलेला. आतलं इंजिन मात्र कंपनीचंच. एक नट बदललेला न्हवता.

रविवारी घाटात शर्यत. सुट्टी संपली की सोमवारी गाडी ताईला परत. ती शाळेत बाई. रोज गगनबावड्याचा घाट उतरती, रोज चढती. तिला यातलं काय बी ठाऊक न्हवतं.

मी म्हटलं, तिला कळलं तर ती आधी तुझाच दाब मोजंल. तो हसला. आमचे न्हाई हसले. त्यांना हसायला सवड लागती.

“आठ दिवस दीडवर पळवतोय,” इंद्रजित म्हणाला. “काय सुदिक झालं न्हाई.”

मिस्त्री रॉकेलात हात धूत हुते.

“आवाज?”

“कसला?”

“चढाला. पत्र्यावर वाळू टाकल्यागत.”

इंद्रजित जरा थांबला. “गाणी लावलेली असत्यात.”

तसला आवाज म्हणजे आत पेट्रोल अवेळी फुटतंय, एवढं मला बी कळतं.

मग तो सांगत सुटला. फोनवर काय काय बघितलं, कुणी किती दाबावर चालवतंय, शर्यतीत कोण कोण येणार. पुण्याचा एक जण तर म्हणे याहून जादावर पळवतो. मी विचारलं, त्याची गाडी बघितलीस का? न्हाई, फोटो बघितला म्हणाला.

“आन् कंपनी इंजिनात जागा ठेवूनच देती, मिस्त्री. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा जादा सोसतंय ते.”

“ठेवती की,” मिस्त्री म्हणाले. “मे महिना. भेसळीचं पेट्रोल. चार माणसं आन् घाट. ती जागा ह्या सगळ्यासाठी हाय.”

इंद्रजितला ते काय पटलं न्हाई. पर उलट बोलला न्हाई, एवढं शिक्षण राहिलं हुतं अंगात.

मिस्त्रींनी त्याला एक प्लग काढून दाखव म्हणून सांगितलं. लगेच नको, आधी इंजिन गार हू दे. तासभर तिघं तसंच बसलो. मी च्या केला. बक्षिसाला ढाल असती का कुकर, विचारलं. ढाल म्हणाला. मग ताईच्या काय उपयोगाची रे, म्हटलं.

गार झाल्यावर त्यानं प्लग काढला. हात चांगला हाय पोराचा, खोटं कशाला बोलू. प्लग उजेडात धरला आन् खूश झाला.

“बघा. काजळीचं नाव न्हाई. दुधागत पांढरा.”

मिस्त्रींनी माझ्याकडं हात केला. पेपर वाचायचं माझं भिंग हाय, ते त्यांनी मागितलं. इंद्रजितला दिलं.

त्यानं बघितलं. परत बघितलं.

प्लगच्या चिनी मातीवर बारीक कण बसलेले. मिठाच्या कणाहून बारीक, चांदीसारखे चमकणारे. त्यानं नखानं खरवडलं. एक कण नखावर आला.

“हे कुठनं आलं?”

इंजिनात काय काय कशाचं असतंय, म्हण, एवढंच मिस्त्री म्हणाले. शिकत असताना रोज म्हणायला लावायचे तसं.

इंद्रजित म्हणायला लागला.

“व्हॉल्व्ह, पोलादाचे. रिंगा पोलादाच्या. स्लीव्ह बिडाची. पिस्टन…”

त्यानं नखावरचा कण बघितला.

“पिस्टन अल्युमिनियमचा.”

तो तिथंच खाली बसला. भिंग माझ्याकडं द्यायचं सुदिक सुचलं न्हाई. मी बी मागितलं न्हाई. आठ दिवस गाडी वाऱ्यागत पळत हुती आन् आठ दिवस आतला पिस्टन कणाकणानं झडत हुता.

रस्त्यानं एक ट्रक गेला, पत्रे हलले.

मग इंद्रजित बारक्या आवाजात म्हणाला, शर्यत जाऊ दे. शर्यतीचं काय न्हाई. सोमवारी ताईला घाट हाय.

“दीड नको, मिस्त्री. सव्वा ठेवतो. सव्वा तरी सोसंल न्हवं?”

मिस्त्रींनी त्याचा हात धरला. दाराकडं, उन्हात वळवला.

“मला काय विचारतोस? सोसणारा हितं बसलाय, तुझ्या नखावर.”