झानोचा घोट

कोसमटोल्याच्या नाल्याकाठी काळ्या पडलेल्या चुलींची रांग आहे, तिला झानोच्या भट्ट्या म्हणतात. पाणी हाताशी, मोहाची झाडं डोक्यावर, तरी तिथे कुणी चूल पेटवत नाही. का, ते सांगतो, बसा सावलीला.

झानो ऐन तरुणपणी विधवा झाली. जवळचा म्हणावा असा एक धाकटा भाऊ, लच्चू. त्याला वाढवायचं म्हणून ती मोहफुलं वेचून मातीच्या मडक्यात दारू काढू लागली. इथली रीत अशी, की पहिला घोट काढणारीने स्वतः घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. झानोने ती इमानाने पाळली. तिच्या दारूचं असं नाव झालं म्हणे, की बाजाराला आलेले लोक मीठ-मिरची विसरत, पण झानोकडे जायला विसरत नसत. बघता बघता नाल्याचा काठ चुलींनी भरला. मडकी जाऊन तांब्याचे हंडे आले, हाताखाली माणसं आली. तिला दारात उभं न करणारे लग्नाचं आवतण घेऊन येऊ लागले.

गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने एकदा तिला हटकलं, "बाई, तू पेली का आधी?"

"कोनकोनत्या भट्टीची पेऊ, बाबा? आडवी होईन ना मी!" झानो म्हणाली. सगळे हसले. पुजारीही हसला.

पुढे लच्चूचं लग्न निघालं. गडबडीत गड्यांनी आंबवलेली फुलं हंड्यात तशीच राहू दिली आणि हंडा आतून हिरवा पडला; तांब्याचं ते विष दारूत उतरलं. एका घोटात झानोला कळलं असतं. तिने तो घेतला नाही. नवरदेवाचा मान म्हणून पहिला पेला तिने आपल्या हाताने लच्चूला दिला. लच्चू गेला, मांडवातली आणखी काही माणसं गेली.

झानो रडली नाही. उरलेली दारू पिऊन ती त्याच्या उशाशी बसली, पण मेली नाही. गावाने हंडे फोडले, ते तिने नुसतं पाहिलं. तेव्हापासून तिला चव कळेनाशी झाली, असं सांगतात. तरी गावात कुठेही भट्टी लागली, की ती जाऊन पहिल्या घोटासाठी हात पुढे करायची. काही व्हायचं ते आपल्याला व्हावं, एवढंच तिच्या मनात असे. तिला कधीच काही झालं नाही. ती म्हातारी होऊन मेली.

आजही इथल्या लग्नात दारू काढणारी बाई भरल्या मांडवात पहिला घोट घेते आणि नवरदेवासमोर बसून राहते. वाजंत्री थांबते. बराच वेळ जातो. मग ती म्हणते, "पे रे भाऊ," आणि तो पेला उचलतो.