आधी वरचा बोल्ट

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध वस्ताद राहत होते. मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. हात कापायला लागले तसे त्यांनी काम थांबवले आणि शिकवायला सुरुवात केली. त्यांची अट एकच होती. शिकणाऱ्याने आपली गाडी आपल्याच अंगणात, आपल्याच हाताने खोलायची. वस्ताद खुर्ची टाकून बसणार, पान्याला हात लावणार नाहीत.

सुवर्णा ही त्यांची शिष्या. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता, म्हणून तिने क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी घेतली होती. तिची चार वर्षांची मुलगी ईश्वरी जन्मापासून तिरळी. शहरातल्या दवाखान्यात डोळ्यांचे मोठे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदाच येत, आणि मोठ्या खटपटीने शस्त्रक्रियेसाठी सोमवारची तारीख मिळाली होती. सकाळी सातला, लेकरू उपाशीपोटी, तिथे हजर पाहिजे. पहिली एस.टी. नवाला, आणि लग्नाची दाट तिथी असल्यामुळे गावात एकही भाड्याची गाडी मोकळी नव्हती.

रविवारी सकाळी ती वस्तादांना बोलवायला गेली.

"वस्ताद, उद्या पहाटे ईश्वरीला शहरात दवाखान्यात न्यायचंय, आणि गिअर टाकला की गाडी दचकते. तेल बदलायला पाहिजे."

"किती दिवस दचकते?"

"महिना झाला."

"पण चालते ना?"

"चालते."

"मग जाऊन ये. आल्यावर बघू."

"आल्यावर कसं? वाटेत बंद पडली म्हणजे? आडरानात उपाशी लेकरू घेऊन बसू का मी? तेल आणून ठेवलंय. आजच करायचं."

वस्तादांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि चप्पल पायात घातली.

अंगणात चारी बाजूंनी स्टँड लावून गाडी एका पातळीत उचलली होती. सुवर्णाने चटई अंथरली, जुने पातेले घेतले आणि खाली सरकली. गिअरच्या पेटीला दोन बोल्ट होते. खालचा जुने तेल सोडायचा, वरचा नवे भरायचा. तिने पाना खालच्या बोल्टाला लावला.

"थांब," वस्ताद म्हणाले. "तो नको. आधी वरचा."

"वरचा तर भरायचा आहे! आधीचं निघू तर द्या."

"आधी वरचा."

तिने वरचा बोल्ट धरला. तो हलेना. मागे कुणीतरी दांडगाई करून त्याचे कोपरे झिजवले होते, त्यात गंज. तिने गंज सोडवणारे तेल सोडले, हातोडीने ठोकले, पाय टेकून जोर लावला. तास गेला. बोटे सोलली.

तिचा नवरा पायरीवर बसून बघत होता. त्याला गाडी येत नव्हती, सूचना मात्र येत होत्या.

"अगं, खालचा बघ. तो सहज सुटेल, मी सांगतो."

"तुम्ही आधी गाडी शिका, मग सांगा," ती खालूनच म्हणाली. पण तिचा हात खालच्या बोल्टाकडे गेलाच. तो खरोखर सहज फिरला. तेलाचा एक काळा थेंब कडेला जमला.

"घट्ट कर परत!" वस्ताद एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. तिने दचकून बोल्ट आवळला. मग ते उठले. "गाडी खाली घे. आज तेल बदलायचं नाही."

सुवर्णा बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. "वस्ताद, आज तरी तुम्ही असं करायला नको होतं."

ते एवढेच म्हणाले, "उद्या ब्रेक दाबून गिअर टाक. पाच अंक मोज, मग पाय उचल. घाई करू नकोस. आणि परत आलीस की तडक मला बोलाव, गाडी थंड होऊ देऊ नकोस."

म्हातारा आता भितो, असे मनात म्हणत तिने हात धुतले. राग जेवतानाही गेला नाही.

सोमवारी पहाटे तिघे निघाले. प्रत्येक थांब्याला गाडी दचकली, प्रत्येक वेळी सुवर्णाने पाच अंक मोजले, आणि प्रत्येक वेळी गाडी पुढे गेली. पावणेसातला ती दवाखान्याच्या दारात उभी होती. शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळे लाल होते, पण ईश्वरीने आईकडे पाहिले ते दोन्ही डोळ्यांनी, सरळ. सुवर्णाने तिला उचलून घेतले. कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला.

दुपारी गाडी अंगणात शिरली. नवरा तसाच जाऊन वस्तादांना घेऊन आला. गाडी पुन्हा स्टँडवर चढली. पेटी हाताला सोसेल इतकी निवाली तसे वस्ताद म्हणाले, "लाव पाना. वरचा."

तिने जोर लावला. कट्ट असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला.

"अगंबाई!"

"बोल्ट लोखंडाचा, पेटी अ‍ॅल्युमिनियमची," वस्ताद म्हणाले. "तापली की पेटी जास्त फुगते, बोल्टाला सैल सोडते. वर तुझं गंजाचं तेलही दोन दिवस मुरलं. आता सोड खालचा."

साडेतीन लिटर काळे तेल निघाले. तेवढेच नवे तिने मापून भरले. इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकेकदा फिरवले, तेलाची पातळी पाहिली, आणि मग गाडी फाटकाबाहेर नेऊन आणली. गाडी दचकली नाही.

हात पुसता पुसता तिने विचारले, "वस्ताद, परवा तो बोल्ट सुटणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. म्हणून तर आधी तो उघडायला लावला." वस्ताद खुर्चीत जरा पुढे झाले. "पोरी, जुनं काढून टाकायला अक्कल लागत नाही, खालचा बोल्ट कुणाच्याही हाताने सुटतो. परवा तू तो सोडला असतास तर सगळं तेल पातेल्यात आणि नवं घालायची वाट बंद. तशी कोरडी गाडी फाटकापर्यंतसुद्धा न्यायची नसते. ते तेल काळं होतं, थकलेलं होतं, पण तुझ्या लेकीला त्यानेच नेऊन आणलं. नव्याची वाट मोकळी झाल्याशिवाय जुन्याला जा म्हणू नये."

सुवर्णा म्हणाली, "हे तर मला येत होतं, वस्ताद. ईश्वरीचं अंगावरचं दूध तोडायचं होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एकदम तोड. मी नाही ऐकलं. आधी वाटीने प्यायची सवय लावली, पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवलं, मगच बंद केलं."

"मग परवा कशी विसरलीस?"

"परवा भीती वाटत होती."

"भीती वाटते ना, तेव्हाच माणसाचा हात खालच्या बोल्टाकडे जातो," वस्ताद म्हणाले आणि चहा आहे का असे विचारून त्यांनी ईश्वरीला मांडीवर घेतले.

घाबरून काहीतरी सोडायला निघालो, की आपणही क्षणभर थांबून वरचा बोल्ट फिरतो का ते बघावे.