दोन हट्टी कॉम्प्युटर

"राणीसाहेबांची फ्लॉपी आमचा कॉम्प्युटर गिळतो, पण वाचत नाही!" राजेसाहेब कडाडले. "आणि आमची फ्लॉपी त्यांचा वाचत नाही! तुळशीराम, संध्याकाळपर्यंत दोघांचं लिखाण एका फ्लॉपीवर हवं. नाही जमलं, तर उद्यापासून राजवाड्याची पायरी चढू नकोस!"

पुस्तक एकच होतं. शिकारीचा भाग राजेसाहेबांनी इंग्रजीत लिहिला होता, स्वयंपाकाचा राणीसाहेबांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचा माणूस फ्लॉपी न्यायला येणार होता.

"मी पुन्हा टाइप केलं तर?" मी चाचरत विचारलं.

"एक अक्षरही नाही!" राणीसाहेब म्हणाल्या. "मागे चिमूटभर मिठाचं तू पोतंभर केलंस!"

मी राजवाड्याचा वायरमन. मास्तरांनी प्रश्न विचारला की मला घाम फुटायचा, म्हणून आठवीतच शाळा सोडलेली. मी फ्लॉपी रुमालाने पुसली. उलटी घालून पाहिली. शेवटी हात जोडले.

"देवळात आलायस का रे?" दिवाणजी खिदळले. "पुण्याहून इंजिनियर बोलावतो!"

"बोलवा. तोवर मी प्रिंटर राणीसाहेबांकडे ठेवून येतो."

राजवाड्यात प्रिंटर एकच. दिवसातून चारदा मी तो दोन्ही महालांत वाहायचो. तो उचलला आणि जिन्यातच थबकलो. हा तर दोघांचंही निमूट ऐकतो!

मी राजेसाहेबांचा कॉम्प्युटर राणीसाहेबांच्या महालात नेला आणि त्यांच्या कॉम्प्युटरमधून प्रिंटरला जाणारी तार प्रिंटरमधून काढून राजेसाहेबांच्या कॉम्प्युटरला जोडली. एकाला सांगितलं, छाप. दुसऱ्याला सांगितलं, तारेतून येईल ते लिहून घे. काही नाही! दोन तास मी कपाळ बडवलं. मग त्या तारेच्या आतल्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली, आणि अक्षरं धबाधबा येऊ लागली. संध्याकाळच्या आत दोघांचं लिखाण एका फ्लॉपीवर उतरलं.

"फ्लॉपी न देता जमलं कसं?" राजेसाहेब थक्क झाले.

"फ्लॉपी म्हणजे चिठ्ठी, सरकार. दोघांना एकमेकांचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून समोरासमोर बसवून बोलायला लावलं."

"मग दोन तास कशाला लागले?"

"बोलायची तार बोलायच्याच तारेला जोडली होती, सरकार. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं!"

राजेसाहेबांनी राणीसाहेबांकडे पाहिलं. आपण हे कुणासमोर बोललो, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी जीभ चावली. आधी राणीसाहेबांना हसू फुटलं, मग राजेसाहेब पोट धरून हसले.

"दिवाणजी, इंजिनियर नको! आजपासून तुळशीराम आमच्या कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख! पगार दुप्पट!"

खात्यात माणूस मी एकटाच. पण दिवाणजी म्हणाले, "या, तुळशीरामजी, बसा!" आणि मी घाबरून प्रिंटरवरच बसलो.