जुन्या फुलदाणीचा भाव

लेकीचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा हमीदाबींनी सासऱ्यांनी गलबतातून आणलेली चिनी मातीची झिलईदार फुलदाणी विकायला काढली. ती घेऊन त्या सरदार मानसिंगरावांच्या दरबारात गेल्या.

फुलदाणी सरदारांच्या मनात भरली होती, पण ते नाक मुरडून म्हणाले, "बाई, ही तर जुनाट वस्तू! जुन्याला कोण विचारतं? पडेल भावात देऊन टाका."

"देते की, सरकार. पण आपलं घराणं किती पिढ्यांचं?"

सरदारांनी मिशीला पीळ दिला. "चांगलं चौदा पिढ्यांचं!"

"मग दर पिढीला त्याचा मान घटला, की वाढला?"

सरदारांचा हात मिशीवरच थांबला. मग ते खो खो हसत कारभाऱ्याला म्हणाले, "बाई सांगतील तो भाव द्या. 'घटला' म्हणायची आमची छाती नाही!"